दुसऱ्या पेल्याचे पाणी

शास्त्री : …म्हणून म्हणतो, जो दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालतो, त्याने त्या डोळ्यांची काळजी वाहिली पाहिजे. डोळे देणारा पुण्यवान, हे सारे जग सांगते. घेणाऱ्यावरही काही भार असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि घेणारा आंधळा आहे, एवढ्याने तो त्या भारातून सुटत नाही.

तोटी : बुवा, प्रवचन चालू राहू द्या, पण हात पुढे करा. दोरी घालायची आहे.

कॅप्टन : आणि आवाज जरा खाली. इथल्या भिंती पातळ आहेत. पलीकडच्या खोलीतला माणूस कूस बदलतो तेही मला ऐकू येतं.

शास्त्री : कोणता हात?

तोटी : इतके दिवस झाले, अजून विचारता! तुमचा उजवा, माझा डावा.

शास्त्री : माहीत नाही म्हणून विचारत नाही, तोट्या. विचारल्यावाचून आरंभ झाल्यासारखे वाटत नाही. तुझ्याकडचा फास सैल आहे का रे? दोरी घसरते आहे.

तोटी : आहे ना. बांगडीसारखा फिरतोय मनगटावर. असू दे, घाम आला की काचत नाही.

कॅप्टन : दोघंही इकडे लक्ष द्या. आपण परगावी आलोय, हा काही आपला रोजचा टाकीचा रस्ता नाही. ऊन लवकर चढणार. तेव्हा शर्यतीच्या रस्त्यावर पाण्याचं एकही टेबल सोडायचं नाही. तहान असो वा नसो. मागच्या खेपेला आपला फोटोग्राफर पाण्यावाचून आडवा झाला, विसरलात?

तोटी : हुकूम शिरसावंद्य. मी तर रात्रीपासूनच टाकी भरतोय.

शास्त्री : ऐकत होतो. खोलीचे दार रात्रभर वाजत होते. सारखा उठून जात होतास आणि परत येऊन पुन्हा बाटली तोंडाला लावत होतास.

तोटी : आवक-जावक, बुवा. आमच्या पाणीखात्याचा नियमच आहे.

कॅप्टन : माझी काळजी शास्त्र्यांची आहे. हे पाण्याला शिवतही नाहीत.

शास्त्री : धावताना पेला ओठाशी आला की अर्धे पाणी नाकात जाते, कॅप्टन. एक घोट मला पुरतो.

तोटी : मी दोन पेले उचलतो, एक बुवांचा, एक माझा. बुवा चिमणीसारखी चोच बुडवतात आणि देतात परत.

कॅप्टन : मग फेकून द्यायचं. सगळे फेकतात. रस्ता नुसता पेल्यांनी भरलेला असतो.

तोटी : तुम्ही छापखानेवाले. कोऱ्या कागदाचा गठ्ठा गटारात टाकाल? माझा उभा जन्म लोकांना पाणी सोडण्यात गेला. एका हंड्यापायी जावाजावांची डोकी फुटलेली पाहिलीत मी. व्हॉल्व्ह उघडायला जरा उशीर झाला तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. माझ्या हातून पाणी सांडत नाही. बुवांचं उरलेलं मी पितो.

कॅप्टन : पी बाबा पी. तुला तोटी नाव ठेवलं त्याला सलाम.

शास्त्री : आणखी एक मागणे आहे, तोट्या. मागल्या शर्यतीत मी ‘पुरे’ म्हटले, आणि तू थांबलास.

कॅप्टन : आणि आपण तिघंही कचरा गोळा करणाऱ्या गाडीत बसून आलो. घरी बायकोने नाकाला पदर लावला!

शास्त्री : थट्टा पुरे. त्यानंतर मी कितीतरी दिवस स्वतःशीच बोलत नव्हतो. या वेळी मी काहीही म्हणालो, विनवले, रागावलो, तरी थांबायचे नाही. मला शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सोडायचे. शब्द दे.

तोटी : दिला. रांगत न्यावं लागलं तरी नेईन.

शास्त्री : तुझा शब्द म्हणजे लोखंड आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच मागितला.

कॅप्टन : झालं? निघू या. मी तुमच्या मागेच असेन. पोटरी धरली नाही तर गाठेन, धरली तर तुमच्या नावाने खडे फोडेन.

तोटी : अरे हो, बुवा, घरून बायकोचा फोन आला होता. ती म्हणाली, बुवांना धरून राहा.

शास्त्री : मलाही आला होता. सूनबाई मला निराळेच म्हणाली.

तोटी : काय म्हणाली?

शास्त्री : म्हणाली, “सगळे जण यांना सांगतात, बुवांना सांभाळा. मी तुम्हाला सांगते, यांना सांभाळा. यांना ‘नको’ म्हणता येत नाही.”

तोटी : घ्या! आंधळ्याच्या हाती डोळसाला सोपवलं म्हणायचं!

शास्त्री : हसू नकोस. तिने फार विचार करून सोपवले आहे.

(शर्यतीचा रस्ता. ऊन वर आले आहे.)

तोटी : डावीकडे गटाराची जाळी, बुवा. उजवीकडे या. हां. आता कापडाचं दुकान. बंद आहे. काचेमागे पुतळे उभे, एकालाही डोकं नाही, पण कोट मात्र एकापेक्षा एक.

शास्त्री : धावायला आले असतील. डोके असते तर आले नसते.

तोटी : हा हा! वर गच्चीत एक म्हातारी झाडांना पाणी घालतेय. तिने हात केला. मीही केला. तुमच्या वतीनेही केला.

शास्त्री : उत्तम. मग पुढे?

तोटी : पुढे टेबल. पाणी. हळू व्हा. हा घ्या पेला.

शास्त्री : झाला एक घोट. धर.

तोटी : बस? अहो, घ्या की अजून थोडं.

शास्त्री : नको. तूही आता नको पिऊस. आत्ताच तर दोन प्यायलास.

तोटी : ते मागचं टेबल. हुकूम म्हणजे हुकूम. हं. झालं, दोन्ही रिकामे.

शास्त्री : ते शेजारी काय वाटत आहेत? कोणी तरी ‘मीठ-साखर’ म्हणाले.

तोटी : तसलं खारट-गोड मला उतरत नाही. चांगल्या पाण्याची नासाडी. चला, चढ येतोय. पावलं लहान घ्या.

शास्त्री : तोट्या, तुझ्या पोटात काही डुचमळते आहे. पखाल वाहणाऱ्या बैलासारखा आवाज येतो.

तोटी : टाकी भरलीय, दुसरं काय. चला.

शास्त्री : हा चढ संपला का?

तोटी : हो. कधीचाच.

शास्त्री : मग सांगितले का नाहीस? मी अजून लहान पावले टाकतो आहे.

तोटी : राहिलं. डोकं जरा ठणकतंय. ऊन.

शास्त्री : ऊन मलाही लागते आहे. तुझी पावले आज फटफट वाजतात. एरवी तुझे पाऊल मला ऐकू येत नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

तोटी : बूट आवळलेत. सकाळी बरोबर होते. आता पाय मावत नाही आत.

शास्त्री : थांबून सैल कर.

तोटी : थांबायचं नाही. शब्द दिलाय.

शास्त्री : तो शब्द माझ्या दुबळेपणासाठी होता. बूट सैल करण्याला थांबणे म्हणत नाहीत.

तोटी : टेबल आलं. हा तुमचा. हा माझा.

शास्त्री : मी ओठही लावणार नाही. परत ठेव.

तोटी : परत ठेवता येत नाही. उचललेलं पाणी… उचललं ना आता. हं. … हं.

शास्त्री : दोन्ही प्यायलास?

तोटी : मळमळतंय थोडं. होईल बरं.

शास्त्री : हात दे. दोरीचा नव्हे, बोटे दे माझ्या हातात. तोट्या! ही बोटे तुझी आहेत का रे? अंगठी मांसात रुतली आहे.

तोटी : लग्न झाल्यापासून रुतलीच आहे, बुवा.

शास्त्री : विनोद सुचतो आहे, तोवर ठीक. पण हा फास? सकाळी बांगडीसारखा फिरत होता ना? आता माझे नखही त्याखाली जात नाही.

तोटी : दोरी आटली असेल.

शास्त्री : दोरी आटलेली नाही. माझ्याकडचा फास सकाळी होता तसाच आहे.

तोटी : …

शास्त्री : तोटी. बोल काही. बराच वेळ तू काही सांगितले नाहीस. मी अंधारात धावतो आहे.

तोटी : सांगतो ना. उजवीकडे गिरणीची भिंत. चुना उडालाय. खड्डा आहे तिच्याशी, जपून.

शास्त्री : कसली भिंत?

तोटी : गिरणीची हो. रोजचीच.

शास्त्री : आपण परगावी आहोत, तोट्या.

तोटी : हो हो, परगावी.

शास्त्री : मग गिरणी कोठून आली?

तोटी : कोणती गिरणी?

शास्त्री : … काही नाही. सांगत राहा. पुढे काय आहे?

तोटी : पुढे लोहाराचं दुकान. भाता बंद आहे अजून. मग तुमची पायरी. बुवा, तुम्ही आज पायरीवर कसे नाही बसलात? रोज पहाटे मी व्हॉल्व्हवर जातो तेव्हा बसलेले असता. डोळे गेल्यापासून बसता. मी म्हणायचो, बसून काय होणार, चला माझ्याबरोबर व्हॉल्व्हपर्यंत.

शास्त्री : होय. तू म्हणालास, आणि मी उठलो. त्या उठण्यावरच आजवर चाललो आहे. तोट्या, माझे ऐक. पायाखाली लोखंडी सांधे लागत आहेत. दोन्ही बाजूंनी वारा आहे. कोठेच भिंत नाही. आपण पुलावर आहोत का?

तोटी : नाही. गल्लीत. आता डावीकडे वळायचं.

शास्त्री : वळू नकोस. दोरी ओढू नकोस. तोटी!

तोटी : वळण आलं, बुवा. रोजचं वळण. चला.

शास्त्री : हा कठडा आहे! माझा गुडघा आपटला. लोखंडी कठडा आहे, आणि खाली पाणी वाहते आहे. ऐकू येते ना तुला?

तोटी : येतंय. केव्हाचं येतंय. कोणी तरी व्हॉल्व्ह उघडा टाकून गेलंय. केवढं पाणी चाललंय वाहून! पाहा तरी. सगळ्या वस्त्यांचं पाणी.

शास्त्री : ती नदी आहे.

तोटी : बंद करायला हवा. एक पाय वर टाकला की हात पोचेल. सोडा मला, बुवा. आलोच.

शास्त्री : नाही. दोरी सोडणार नाही.

तोटी : सोडा हो! सकाळी लोक हंडे घेऊन येतील, काय सांगू त्यांना?

शास्त्री : अहो, कोणी आहे का? पावले तर इतकी जातात! थांबा कोणी! याला धरा! … कानात काय घालून धावतात ही माणसे? तोट्या, पाय खाली घे. बरे, ऐक. टाकी आली ना?

तोटी : टाकी?

शास्त्री : टाकी आली. पायऱ्या आल्या. आपला नेम काय आहे? टाकीच्या पायऱ्यांशी आले की काय करतो आपण?

तोटी : बसतो.

शास्त्री : बसल्यावाचून कधी पुढे गेलो आहोत?

तोटी : नाही. आधी तुम्ही बसता. मग मी.

शास्त्री : हा बघ, मी बसलो. पायरी गार आहे. ये. सावकाश. पाठ टेक. पाय माझ्या मांडीवर दे. असा.

तोटी : पायरी गरम आहे, बुवा.

शास्त्री : असू दे. ऊन आले आहे पायरीवर.

तोटी : व्हॉल्व्ह…

शास्त्री : मी बंद केला. आवाज थांबला ना? माझा आवाज ऐक, म्हणजे तो थांबेल.

तोटी : बुवा, मला ओकारी येतेय.

शास्त्री : ये, कुशीवर हो. ओक. … नुसते पाणी, नुसते पाणीच आहे हे.

कॅप्टन : अरेच्चा! मी तिथे पोटरी चोळत शिव्या घालतोय, आणि इथे स्वाऱ्या गाद्या टाकून बसल्यात!

शास्त्री : कॅप्टन! देवासारखे आलात. इकडे या, याच्याकडे बघा.

कॅप्टन : काय झालं रे तोटी? अरे बापरे. तोंड केवढं सुजलंय. डोळे बघा कसे झालेत. ऊन लागलंय, दुसरं काही नाही. थांबा, माझ्याकडे बाटली आहे. उठवा त्याला, पाणी पाजा.

शास्त्री : थेंबही नको!

कॅप्टन : अहो शास्त्री, पाण्यावाचून मरेल तो!

शास्त्री : पाण्यानेच मरेल. ती बाटली दूर ठेवा. तुमच्या पाया पडतो, कॅप्टन, दूर ठेवा.

कॅप्टन : काहीतरीच काय! पाण्याने कोणी मरतं का?

शास्त्री : माझी आई शेवटच्या आजारात एके सकाळी मला ‘दादा’ म्हणू लागली. लहानपणीच्या घराची दारे उघड-बंद करू लागली. आम्हाला वाटले, वय झाले. डॉक्टर म्हणाले, वय नव्हे, हिच्या अंगातले मीठ उतरले आहे, सोडियम कमी झाले आहे. तुमच्या घरीही झाले असेल कोणाला.

कॅप्टन : सासऱ्यांना झालं होतं. भिंतीवर रेल्वे दिसायची त्यांना.

शास्त्री : मग आठवा. याला गिरणीची भिंत दिसते आहे. बोटे सुजली आहेत, पोटातून नुसते पाणी पडते आहे. रात्रीपासून हा पितो आहे. प्रत्येक टेबलाशी दोन पेले. एक स्वतःचा आणि एक मी परत दिलेला.

कॅप्टन : आणि टेबल सोडायचं नाही, हे मी सांगितलं.

शास्त्री : आत्ता दोष वाटत बसायला वेळ नाही. वाटायचाच झाला तर माझ्या पानात अधिक पडेल. मी ‘नको’ म्हणून पेला परत देत होतो, आणि तो कोठे जातो हे विचारत नव्हतो.

कॅप्टन : बरं, ऐका. पुलाच्या पलीकडे लाउडस्पीकर ऐकू येतोय? शेवटची रेषा तिथेच आहे. दोरी माझ्या हातात द्या. मी तुम्हाला लंगडत का होईना, पोचवतो. तिथून लगेच माणसं पाठवू. तोवर हा इथे पडून राहील. तुमचंही होईल, त्याचंही होईल. एवढ्या लांब येऊन हात हलवत जाणार का?

शास्त्री : याला येथे एकटा सोडून?

कॅप्टन : पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

शास्त्री : आताच हा कठड्यावर पाय टाकत होता. खाली वाहणारे पाणी बंद करायला निघाला होता. दोरी होती, म्हणून मागे आला.

तोटी : बुवा, शब्द दिलाय. उठा. रांगत नेईन.

कॅप्टन : बघा, तोही म्हणतोय.

शास्त्री : तो शुद्धीत असता, तरीही हेच म्हणाला असता. म्हणून तर त्याच्या म्हणण्यावर जायचे नाही. तोट्या, ऐकतोस? मी तुझा शब्द तुला परत देतो. जसाच्या तसा. कॅप्टन साक्षी आहेत. आता तुझ्यावर माझे काही बंधन नाही.

तोटी : परत घेता येत नाही. उचललेला…

शास्त्री : शब्द घेता येतो. पाणी घेता येत नसेल. पडून राहा. आणि कॅप्टन, तुम्ही जन्मभर कॅप्टन म्हणवून घेतलेत, आम्हीही म्हटले. आज एकदा खरोखर व्हा. पोटरी तुटली तरी धावा, आणि वैद्यकीय तंबूतल्यांना सांगा, सोडियम उतरले आहे, पाणी नव्हे, मीठ घेऊन या. हेच शब्द सांगा. ‘चक्कर आली’ म्हणू नका. म्हणालात तर ते पाणी पाजतील.

कॅप्टन : सोडियम, पाणी नाही. सोडियम, पाणी नाही. निघालो. शास्त्री, त्याला सोडू नका हं!

शास्त्री : फासच सुटत नाही आता, सोडतो कसला. धावा.

तोटी : कॅप्टन कुठे गेला?

शास्त्री : धावायला.

तोटी : तो? धावायला?

शास्त्री : होय. तुला हसू आले का? मला दिसत नाही, आवाज करून हस.

तोटी : …

शास्त्री : तोटी? तोट्या! हात का झटकतो आहेस? हे तू करतो आहेस की आपोआप होते आहे? बाळा, माझ्याशी बोल. काहीही बोल. देवा, आजवर तुझ्याकडे डोळे मागितले नाहीत. आता क्षणभर दे, याचा चेहरा पाहू दे. तेवढे पाहून परत घे.

सिस्टर : बाजूला व्हा, काका. मी सिस्टर आहे, तंबूतून आले. स्ट्रेचर इकडे ठेवा रे. काय खाल्लं-प्यायलं यांनी?

शास्त्री : पाणी. नुसते पाणी.

सिस्टर : किती?

शास्त्री : दोघांचे.

सिस्टर : दोघांचं म्हणजे?

शास्त्री : माझ्या वाट्याचेही यानेच प्यायले.

सिस्टर : कळलं. तुमचे ते लंगडणारे मित्र ‘सोडियम, सोडियम’ ओरडतच आले. आम्हाला वाटलं, त्यांनाच काही झालंय. आत्ता कुणी पाजलं तर नाही ना?

शास्त्री : नाही. झटके कशाने येत आहेत, सिस्टर?

सिस्टर : अंगातलं मीठ पातळ झालं की मेंदूला सूज येते, काका. खारं सलाईन लावतेय. हात सरळ धरा त्यांचा. ही दोरी कसली? रुतलीय. बोटं निळी पडलीत. कात्री द्या. कापू का?

शास्त्री : कापा.

सिस्टर : तुम्हाला नेणारं दुसरं कुणी आहे का? एक मुलगी थांबलीय, म्हणते मी शेवटपर्यंत नेते काकांना. वेळ आहे अजून.

शास्त्री : तिला सांगा, बाई, तुझ्या पायांना यश येवो. मी याच्याबरोबर गाडीत बसणार.

सिस्टर : गाडीत एकालाच घेतो आम्ही.

कॅप्टन : घ्या त्यांनाच. मी पायी येतो. वहिनींना फोनही मीच करतो. हुकूम माझा होता, तर फोनही माझाच.

शास्त्री : कॅप्टन, तिला सांगा, आंधळ्याने उशीर केला, पण हात सोडलेला नाही.

सिस्टर : चढा, काका. पायरी उंच आहे. डोकं वाकवा. बसा इथे, त्यांच्या उशाशी.

शास्त्री : सिस्टर, हा वाचेल ना?

सिस्टर : आत्ताच काही सांगत नाही. झटके थांबलेत. पुढचा थोडा वेळ महत्त्वाचा आहे. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. उत्तर आलं तर मला सांगा.

शास्त्री : काय बोलू? धावताना आजवर बोलणारा हाच. मी नुसता ऐकत आलो.

सिस्टर : ते काय बोलायचे?

शास्त्री : रस्ता सांगायचा.

सिस्टर : मग तुम्ही सांगा.

शास्त्री : तोट्या. हात दे. दोरी नाही आता, नुसताच हात. आज तू डोळे मीट, मी सांगतो. आपण घरून निघालो आहोत. पहाट आहे. माझी पायरी मागे गेली. लोहाराचा भाता अजून बंद आहे. तुझ्या व्हॉल्व्हचे झाकण आले, त्याला वळसा घाल. पाणी सोडून झाले आहे, कोणाचे हंडे रिकामे नाहीत, घाई नाही. ऐकतोस ना? पुढे आता मोठे वळण. वळणावर वारा लागतो, तो लागला. आणि त्यानंतर डावीकडे गिरणीची भिंत…

सिस्टर : बोला, काका. का थांबलात?

शास्त्री : बोट हलले याचे. तोट्या, डावीकडे गिरणीची भिंत. तिचा चुना उडाला आहे. तिच्याशी खड्डा आहे…

तोटी : …उजवीकडे.

शास्त्री : काय म्हणालास?

तोटी : भिंत. उजवीकडे, बुवा. पडाल.

सिस्टर : आलं का उत्तर?

शास्त्री : आले. मी रस्ता चुकवला, त्याने सुधारला. सिस्टर, तुमच्या हाताला यश राहो. त्या लंगड्या कॅप्टनचे पाय भले राहोत. घरी फोनपाशी बसली असेल, तिचे कुंकू अखंड राहो. उजवीकडे, बाळा. उजवीकडेच आहे भिंत. सांग तू, मी ऐकतो. आयुष्मान भव.